तांदळाच्या कोठीतला गंज

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. म्हणजे, त्यांना ठाऊक आहे असा माझा दाट संशय आहे, पण मी सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हा तर मुद्दाम दुसराच विषय काढते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिरोड्याचे नाही. किंवा असलात तरी आमच्या लेनमधले नाही. आमच्या लेनमधले असाल तर — आता काय, वाचा.

आधी माझी थोडी कीर्ती ऐकून घ्या. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी एकतीस वर्षं अंगणवाडी सांभाळली. पोरांना रांगेत बसवणं, नाक पुसायला लावणं, एकाच्या हातातलं खेळणं काढून दुसऱ्याच्या हातात देणं, हे माझ्या अंगात मुरलेलं. निवृत्त झाले आणि घरात रांगेत बसवायला एकटे हेच उरले. ते बसतात, पण मजा नाही.

मग एकदा नाल्यापलीकडच्या कचऱ्याच्या ढिगात मला एक पाळणा दिसला. चांगला सागवानी, चारही पाय शाबूत. खाली धूर निघतोय आणि वर हा पाळणा. माझं डोकं फिरलं. आमच्याच गावात कुणीतरी पाळणा शोधत असेल आणि कुणीतरी तो फेकून देतंय! त्याच आठवड्यात मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘कोणाले पाहिजे?’ घरात नको झालेली वस्तू फेकू नका, भंगारात घालू नका, गावातच कुणाला तरी देऊन टाका. फुकट. कारण विचारायचं नाही, आभार मागायचे नाहीत.

आणि चाललं हो! झपाट्यानं चाललं. शिलाई मशीन गेली, सायकली गेल्या, कूलर गेले. एक चालायचं मशीन होतं, ते तीन घरं फिरलं आणि तिन्ही घरांत त्यावर कपडेच वाळले. लग्नात आलेलं राधाकृष्णाचं घड्याळ चार घरं फिरून ज्यांनी दिलं त्यांच्याच पुतण्याच्या लग्नात त्यांना परत मिळालं. तरी ढीग थोडा कमी झाला असणार. मला तसं वाटायचं.

नियम माझेच. ग्रुपवर फक्त मी लिहिणार, नाहीतर लोक सकाळी उठून गुलाबाची फुलं टाकतात. वस्तूचा फोटो आणि मजकूर मला पाठवायचा, मी नीट करून टाकणार. जो पहिला ‘मले पाहिजे’ म्हणेल त्याची वस्तू. देणाऱ्यानं ती व्हरांड्यात ठेवायची, घेणाऱ्यानं बेल न वाजवता गुपचूप उचलून न्यायची, म्हणजे घेणाऱ्याला लाजल्यासारखं होत नाही. आणि शेवटचा नियम मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केला होता: या ग्रुपमधून बाई स्वतः एक चमचाही घेणार नाही. त्यावर इतके जोडलेले हात आले की माझा फोन अडकून बसला.

या कामात मला सगळ्यात जास्त मदत कुणाची झाली असेल? शिवलालची. शिवलाल म्हणजे आमच्या लेनमध्ये हातठेला घेऊन ‘लोहा-पिलास्टिक-रद्दीऽऽ’ ओरडत येणारा भंगारवाला. माझ्या ग्रुपनं खरं तर त्याच्याच पोटावर पाय दिला होता. पण तो हसून म्हणायचा, “तुमी वाटा जी बाई, जे नाही वाटत ते माह्यं.” आणि कपाट, पलंग, असलं जड काही असलं की तोच ठेल्यावर घालून या घरून त्या घरी पोचवायचा. चहा दिला तर प्यायचा. पायरीवर बसून, ऐसपैस.

आता एक शब्द समजावून सांगते, कारण सगळं त्या शब्दापाशी अडलं. आमच्याकडे, या भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात काय आणि साऱ्या विदर्भात काय, गंज म्हणजे भांडं. उभट, काठाचं, दूध तापवायचं, भात शिजवायचं. तुमच्या पुण्या-साताऱ्याकडे त्याला पातेलं म्हणतात. आणि लोखंडावर जो तांबडा थर चढतो तो आमच्याकडे जंग. त्याला पुण्या-साताऱ्याकडे म्हणतात गंज. आता बोला!

माझ्या घरापासून चौथ्या घरात मृणाल राहायला आली. साताऱ्याची पोरगी, नवरा इथल्या वीज प्रकल्पात नोकरीला. गोड बोलायची, मला बाई म्हणायची, आमचं बोलणं अर्धं कळलं नाही तरी पूर्ण मान हलवायची. मे महिन्यात एका सकाळी तिचा मला मेसेज आला. सोबत फोटो. मेसेज असा: ‘नमस्कार बाई. गंज काढून टाकायचा आहे. स्टँड व्हरांड्यातच ठेवलाय. कुणी असेल तर सांगाल का? आम्ही आज दिवसभर गोंदियाला आहोत.’

फोटोत एक लोखंडी स्टँड होता, आणि स्टँडवर — काय सांगू तुम्हाला! पितळेचा गंज. चांगला दहा माणसांचा भात शिजेल असा. चिंचेनं घासून उन्हात ठेवलेला, काठ जाड, पोट कसं गोल आणि भरलेलं. उन्हात असा चमकत होता की फोटोत त्याच्या भोवतीचं सगळं काळपट दिसत होतं.

माझ्याकडे भांडी नाहीत का? आहेत. स्टीलचे तीन गंज आहेत, त्यातला एक तर कायम पालथाच असतो. पितळेचे होते ते मी तरुणपणी दारावर आलेल्या भांडेवालीला देऊन त्याच्या बदल्यात स्टीलचे डबे घेतले आणि नंतर वीस वर्षं हळहळले. पण ते कारण नाही. कारण शोधायला बसले तर डझनभर सापडतील. मला तो गंज पाहिजे होता, बस.

मी मेसेज ग्रुपवर टाकला नाही. दुपारी साडेबाराला, लेनमध्ये चिटपाखरू नाही, वरून ऊन मी म्हणतंय, अशा वेळी मी भाजीची मोठी पिशवी घेतली, चार घरं चालून गेले, व्हरांड्यात चढले, गंज उचलला, पिशवीत घातला आणि परत आले. तो तापलेला होता. पिशवीतूनही पोटरीला चटका बसला. घरी येऊन मी त्याला पाटावर ठेवलं आणि समोर बसून राहिले. नव्या सुनेकडे बघावं तसं बघितलं. ‘काढून टाकायचा आहे’ असं तिनंच लिहिलं होतं ना? आणि आमच्या ग्रुपमध्ये काढून टाकणं म्हणजे देऊन टाकणंच.

एकच खटकत होतं, नियम. म्हणून मी ठरवलं की थोडे दिवस जाऊ द्यावे, मग म्हणावं भावानं दिला.

संध्याकाळी मृणाल आली. घामाघूम, ओढणी खांद्यावरून घसरलेली. म्हणाली, “बाई, गंज काढणारं कुणी मिळालं का हो? त्या स्टँडला फारच चढलाय, पॉलिश पेपरनं निघेल असं हे म्हणतात. आणि बाई, माझं पातेलं कुणी नेलं का? स्टँडवर वाळत ठेवलं होतं. आईचं होतं हो. मागच्या वर्षी गेली ती.”

आता मला सांगा, तिथं काय अवघड होतं? कपाळावर हात मारायचा, पोट धरून हसायचं, ‘अगं वेडे, तुझा गंज वेगळा न् आमचा गंज वेगळा’ म्हणायचं आणि आतून आणून द्यायचं. तीही हसली असती. चहा झाला असता. साऱ्या लेनला ही गोष्ट दहा वर्षं पुरली असती. पण मग तिनं विचारलं असतं, आणि तिनं नाही तर दुसऱ्या कुणी नक्की विचारलं असतं: बाई, ग्रुपवर न टाकता तुम्हीच कसा काय नेला?

मी म्हणाले, “पातेलं? नाही बा, मी नाही पाहिलं.” आणि मनातल्या मनात स्वतःला समजावलं की हे खोटं नाही. मी पाहिला तो गंज. पातेलं मी जन्मात कुणाचं उचललेलं नाही.

मग मी काय केलं असेल? शोध सुरू केला! ॲडमिन ना मी. ग्रुपवर मजकूर टाकला: ‘आपल्या मृणालताईंचं आईच्या आठवणीचं पितळी पातेलं व्हरांड्यातून गेलं आहे. कोणी चुकून नेलं असल्यास लाज न बाळगता आणून द्यावे. चूक कोणाचीही होऊ शकते.’ लिहिताना माझेच डोळे भरून आले, इतकं छान जमलं होतं. चार बायका घेऊन मी घरोघरी विचारत फिरले. एका घरी तर मी त्यांच्या माळ्यावर चढून बघितलं. आणि तो गंज तेव्हा कुठं होता? आमच्या तांदळाच्या कोठीत. कोठी अर्धी रिकामी करून तळाशी तो ठेवला होता, त्याच्या पोटातही तांदूळ, वरही तांदूळ.

फिरता फिरता कुणीतरी विचारलं, “दुपारी लेनमध्ये कोणी आलं होतं का? तो भंगारवाला आला होता का?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण माझं घर कोपऱ्यावर. येणारा-जाणारा मलाच दिसतो. शिवलाल त्या दिवशी आला होता. सकाळी नऊला आला आणि साडेनऊला गेला. मी म्हटलं, “हो. आला होता.”

एवढंच. किती वाजता ते मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सूचना टाकायची वेळ आली, ती टाकायचा अधिकार कुणाचा? माझा. ‘सुरक्षेच्या कारणास्तव भंगारवाल्यास आपल्या लेनमध्ये येऊ देऊ नये.’ नाव लिहिलं नाही मी. मोठेपणा माझा! भंगारवाला म्हटलं की गाव एकालाच ओळखतं, तिथं नाव लिहायची गरज तरी काय? दोन दिवसांत ती सूचना शेजारच्या दोन्ही लेनमध्ये फिरली. शिवलाल आला तेव्हा फाटकांआडून त्याला हाकललं. तो माझ्या घराकडे बघून काहीतरी बोलला. मी खिडकीचा पडदा सारखा करत होते.

त्यानंतर तो रेल्वे लाइनीच्या पलीकडे फिरायला लागला. त्याची बायको त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीच्या मजुरीला, गेली, असं मला दूधवाल्यानं सांगितलं. मी म्हटलं, “अरेरे.” खरंच म्हटलं, आणि खरंच वाईट वाटलं. वाईट वाटून मी चहा ठेवला आणि प्याले.

इकडे घरात वेगळीच पंचाईत. गंज काढून वापरायचा म्हटलं तर कुणीतरी बघणार. कोठीत ठेवायचा तर ह्यांचा हात लागणार. आणि एके सकाळी लागलाच. हे पाटबंधाऱ्याच्या कालव्यावर आयुष्यभर पाणी सोडत राहिलेले, बोलण्यापेक्षा बघणं जास्त. तांदूळ काढायला गेले आणि कोठीत कोपरापर्यंत हात घालून थांबले.

“तांदरात गंज हाये वो.”

“ग्रुपचा आहे. द्यायचा आहे कुणाला तरी.”

“मंग काऊन नाही देऊन रायली?”

मी मिक्सर सुरू केला. त्यांनी हात काढला, तांदूळ झटकले आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र तेव्हापासून तांदूळ काढायचं काम माझ्याकडे आलं. न सांगता.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बाई, चुकीच्या शब्दानं घोळ झाला आणि पुढं तुम्ही घाबरलात. होतं असं माणसाचं. थांबा. मी इतका वेळ त्या शब्दाभोवती फिरते आहे ती उगाच नाही.

मी एकतीस वर्षं अंगणवाडीत होते. पुण्याहून छापून आलेली चित्रं, तक्ते, पुस्तकं मी वाचलेली आहेत. लोखंडाला गंज चढतो, हे मला माहीत होतं. फोटोतल्या त्या स्टँडचे पाय तांबडे झालेले मला दिसले होते. ‘स्टँड व्हरांड्यातच ठेवलाय’ या वाक्याचा अर्थ लागत नव्हता, आणि तो एकाच रीतीनं लागतो हेही मला कळलं होतं. मेसेज मी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचून झाला तेव्हा मला दोन्ही अर्थ स्वच्छ माहीत होते. मी मला सोयीचा तो घेतला. मग पिशवी शोधायला गेले.

हे सांगायचं होतं. बाकीचं सगळं त्याच्या पुढचं आहे.

गणपतीत आमच्या वॉर्डातल्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि एक फ्रेम. पाहुणे म्हणाले, ‘घेण्याच्या या जगात नुसतं देत राहणारी बाई.’ हे पहिल्या रांगेत होते. त्या वाक्याला त्यांना जोराचा खोकला आला आणि ते पाणी प्यायला उठून गेले. मृणाल टाळ्या वाजवत होती, हात वर करून. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवताना मी ठरवलं की गंज परत ठेवायचा.

आणि बोलायचं? नाही. ठेवायचा फक्त.

पिशवी आता चालणार नव्हती, कारण गंज जसा नेला तसाच आणताना कुणी पाहिलं तर? म्हणून मी सत्काराची शाल अंगावर लपेटली, तिच्याखाली गंज पोटाशी धरला आणि भरदुपारी निघाले. सप्टेंबरचा उकाडा, अंगाला चिकचिक, आणि मी लोकरी शालीत, पोट हे एवढं! दोन घरं गेले नाही तर समोरच्या काकू बाहेर. “बाई, काय झालं वो?” मी म्हटलं, “थंडी वाजून आली.” त्या म्हणाल्या, “मंग कुठं निघाल्या? घरी जाऊन झोपा!” मी म्हटलं, “चालल्यानं बरं वाटते.” मृणालच्या व्हरांड्यात गंज ठेवला (स्टँड तोवर घासून, निळा रंग देऊन झाला होता) आणि परत येते तर माझ्या दारात सरकारी दवाखान्याची आशाताई हजर. काकूंनी फोन केला होता. थंडी वाजून ताप म्हणजे आमच्याकडे आधी मलेरिया. तिनं माझं बोट टोचलं, काचेवर रक्त घेतलं, आणि गोळ्या ठेवून गेली. ‘शालीखाली काय होतं’ यापेक्षा ते बोट टोचणं मला सोपं गेलं.

ह्यांनी त्या महिन्यात एवढंच म्हटलं, “कोठी हलकी लागून रायली या खेपेले.”

मृणाल गंज कवटाळून रडली. मी तिथंच होते, तिच्या पाठीवरून हात फिरवत. तिला आत काठाशी तांदळाचे चार दाणे सापडले होते, ते तिनं सगळ्यांना दाखवले. आणि मग ते झालं जे मला सुचलंच नव्हतं. मला! जिला सगळं सुचतं. लेनमधल्या बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, “बघा. त्यानंच नेला होता. घरी तांदूळ भरून ठेवत होते त्यात. भ्याला न् आणून ठेवला.”

चार महिने शिवलालवर नुसता संशय होता. मी गंज परत ठेवला आणि तो चोर ठरला.

तेव्हा तरी? नाही, तेव्हाही नाही. तेव्हा मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं: ‘वस्तू परत मिळाली. माणूस चुकतो. त्याने चूक सुधारली, आता आपण मोठे मन करू या. शिवलालला पुन्हा येऊ द्या.’ पुन्हा जोडलेले हात. ‘बाई, तुमच्यासारखं मन पाहिजे.’ मी ते सगळे मेसेज वाचले. एकही सोडला नाही.

शिवलाल आता येतो. ओरडतो, थांबतो, फाटकाबाहेरून रद्दी घेतो. कुणाच्या व्हरांड्यात पाय ठेवत नाही, चहा दिला तर उभ्यानंच रस्त्यावर पितो. लोक म्हणतात सुधारला. तो पहिल्यांदा परत आला त्या दिवशी आधी माझ्याकडेच आला होता. ठेला लांब उभा करून, फाटकाशी हात जोडून.

“बाई, लोकं म्हणतेत तुमी माफ केल्या, म्हून आलो जी. पण मी नाही नेलो तो गंज. पोरीची आन. तुमी तरी मानता ना जी?”

मी एकटीच होते. हे दुकानात गेले होते, लेन रिकामी होती, कुणी ऐकणारं नव्हतं. तोंडातून निघून गेलं असं मी म्हणणार नाही. मी विचार केला आणि म्हटलं.

“झालं ते झालं, भाऊ. पुन्हा असं करू नका.”

मग त्यानं मान खाली घातली.

“हो जी,” तो म्हणाला.